औषधाच्या गटात सुरुवातीला कुणीच दगावत नाही? आधी घड्याळ तपासा

दर दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडे एकच आलेख येतो: कुठल्या दिवशी किती टक्के रुग्ण जिवंत होते, हे दाखवणारा. पाठवणारे वेगळे, औषध वेगळं, आजार वेगळा, आलेख मात्र तोच. दोन रेषा एकाच बिंदूपासून निघतात. औषध न मिळालेल्यांची रेषा पहिल्या दिवसापासून जिना उतरल्यासारखी खाली येते. औषध मिळालेल्यांची रेषा चार-पाच दिवस वरच्या कडेला चिकटून राहते आणि मग कुठे सावकाश उतरायला लागते. कोपऱ्यात पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता), ०.००१ पेक्षा कमी. सोबत निरोप: "जरा एकदा नजर टाका, उद्या पेपर सबमिट करायचा आहे."

उद्या सबमिट होत नाही.

हा बिघाड इतक्या वेळा हाताखालून गेला आहे की आता आलेख उघडायच्या आधी मी तारखांचे कॉलम मागतो. आणि पहिल्यांदा तो सापडला तो माझ्याच विश्लेषणात. एका सीनियरने शांतपणे विचारलं होतं, "औषधाच्या गटात पहिल्या चार दिवसांत एकही मृत्यू नाही. औषध तर बहुतेकांना पाचव्या-सहाव्या दिवशी सुरू झालंय. मग तोवर त्यांना वाचवलं कुणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सॉफ्टवेअरने कुठलीही चूक दाखवली नव्हती, आणि ते कधीच दाखवत नाही.

याला इम्मॉर्टल टाइम बायस म्हणतात. मी 'अमर काळाची चूक' म्हणतो. मोजणीतला असा काळ, ज्यात त्या गटातला माणूस दगावूच शकत नाही. औषधाने वाचवलं म्हणून नव्हे. त्या काळात तो गेला असता तर औषध मिळायची वेळच आली नसती, आणि त्याचं नाव दुसऱ्या गटात लागलं असतं, म्हणून. पणतवंडं पाहिलेली माणसं इतरांपेक्षा जास्त वर्षं जगलेली असतात. त्यावरून पणतवंडं आयुष्य वाढवतात असं कुणी म्हणत नाही. केसपेपरांवरून केलेल्या अभ्यासात मात्र आपण नेमकं तेच म्हणतो आणि खाली पी-व्हॅल्यू लिहितो.

पुढचं सगळं जुन्या नोंदींवरून केलेल्या कोहॉर्ट अभ्यासांसाठी, म्हणजे एका रुग्णगटाचं पुढे काय झालं याचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासांसाठी आहे. रँडमाइज्ड ट्रायलमध्ये (जिथे कुणाला औषध द्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरतं) गट ठरण्याचा दिवस आणि मोजणी सुरू होण्याचा दिवस एकच असतो, त्यामुळे तिथे ही चूक दारातून येत नाही. खिडकीतून येते: 'ज्यांनी खरोखर गोळ्या घेतल्या तेवढेच' किंवा 'ज्यांना गुण आला ते विरुद्ध ज्यांना नाही आला ते' अशी तुलना केली की.

लक्षणं

यातली दोन जरी जुळली तरी पुढच्या तपासण्या करा.

- औषधाच्या गटाची रेषा सुरुवातीला आडवी, दुसऱ्या गटाची पहिल्याच दिवसापासून उतरती.
- परिणाम अविश्वसनीय मोठा. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या साध्या औषधाचा हॅझार्ड रेशो (दोन गटांतल्या मृत्यूच्या वेगांचं गुणोत्तर, १ म्हणजे फरक नाही) ०.४ वगैरे.
- जितके जास्त डोस, तितका जास्त फायदा, तोही अगदी पायरीपायरीने. (दहा डोस घ्यायला दहा दिवस जगावं लागतं.)
- वय, लिंग, मधुमेह, आजाराची तीव्रता, काहीही ॲडजस्ट केलं (त्यातला फरक हिशेबातून काढून टाकला) तरी आकडा जागचा हलत नाही.
- त्याच प्रश्नावर रँडमाइज्ड ट्रायल झालेली आहे आणि तिला काहीच सापडलेलं नाही.
- त्याच डेटामध्ये दुसरं कुठलंही औषध तपासलं तरी तेही जीव वाचवतं.

शेवटचं लक्षण मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. ॲसिडिटीची गोळी, व्हिटॅमिन, फिजिओथेरपी, सगळ्यांनीच मृत्यू कमी केले असतील तर तो वॉर्ड जादूचा नाही, मोजणी चुकलेली आहे.

बिघाड नेमका कसा होतो

तपासण्यांच्या आधी एक हिशेब कागदावर करून पाहा. हा मी सगळ्यांना करायला लावतो, कारण तो एकदा हातून झाला की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

समजा १०० रुग्ण दाखल झाले आणि आपलं 'औषध' म्हणजे निव्वळ पाणी आहे. ते पाचव्या दिवशी सुरू करतात. पहिल्या पाच दिवसांत २० जण दगावले. उरले ८०. त्यातल्या ४० जणांना पाणी दिलं, ४० जणांना नाही. पाण्याने काहीच होत नाही, त्यामुळे तिसाव्या दिवसापर्यंत दोन्हीकडे सारखेच, प्रत्येकी १० जण गेले.

आता एक्सेलमध्ये 'औषध मिळालं का' असा कॉलम करा: हो किंवा नाही. 'हो' मध्ये ४० रुग्ण, १० मृत्यू, म्हणजे २५ टक्के. 'नाही' मध्ये ६० रुग्ण, कारण सुरुवातीला गेलेले ते २० जण इथेच येऊन बसले. मृत्यू ३०, म्हणजे ५० टक्के. पाण्याने मृत्यू निम्म्यावर आणले. काय-स्क्वेअर (दोन गटांतला फरक तपासायची चाचणी) काढा, ६.२५ येतो, पी-व्हॅल्यू ०.०१२.

लबाडी कुणीही केलेली नाही. प्रत्येक नोंद खरी आहे. फक्त ते २० जण 'औषध न मिळालेले' म्हणून मोजले गेले, आणि खरं तर त्यांना औषध मिळणार होतं की नाही हे ठरायच्या आधीच ते गेले होते. शिवाय ४० जणांचे प्रत्येकी ५, असे २०० रुग्ण-दिवस औषधाच्या खात्यात फुकट जमा झाले. त्या दिवसांत त्यांच्या पोटात औषध नव्हतंच.

पहिली तपासणी: पेन्सिल आणि दहा रुग्ण

खर्च शून्य, वेळ पंधरा मिनिटं. दोन्ही गटांतून पाच-पाच रुग्ण घ्या, निवडून नको, यादीत जसे येतील तसे. प्रत्येकासाठी एक आडवी रेघ: दाखल झाल्याच्या दिवसापासून फॉलो-अप संपेपर्यंत. औषध सुरू झालं तिथे गोल. मृत्यू असेल तिथे फुली. रेघेच्या डाव्या टोकाला लिहा, मोजणी कुठल्या घटनेपासून सुरू केली आहे.

आता औषधाच्या गटातल्या रेघांवर बोट ठेवून विचारा: डावं टोक आणि गोल यांच्यामध्ये फुली येऊ शकली असती का? नसती, तर तेवढा तुकडा अमर काळ. तो काही तासांचा असेल आणि मृत्यू महिनोन्‌महिन्यांनी होत असतील, तर फार बिघडत नाही. तो पाच दिवसांचा असेल आणि निम्मे मृत्यू पहिल्या आठवड्यातच होत असतील, तर तुमचा निष्कर्ष बहुधा त्याच तुकड्यात आहे.

ही तपासणी पहिली का? कारण प्रत्येक अभ्यासात तीन गोष्टी एकाच क्षणी जुळायला हव्यात: रुग्ण अभ्यासात यायला पात्र ठरला, त्याचा गट ठरला, मोजणी सुरू झाली. हे तीन क्षण वेगवेगळ्या दिवशी पडले की बिघाड आलाच, आणि कागदावर ते उघड्या डोळ्यांना दिसतं. एक्सेलच्या तीनशे ओळींत दिसत नाही.

दुसरी तपासणी: तारखा खरंच तारखा आहेत का

हसू नका. घड्याळ तपासायचं तर घड्याळाचे काटे आधी नीट हवेत. 'औषध सुरू' मधून 'दाखल' वजा करा आणि नवा कॉलम लहानाकडून मोठ्याकडे लावा. वरच्या ओळींत उणे आकडे दिसतील. माझ्या हातात आलेल्या एका शीटमध्ये एका रुग्णाला दाखल व्हायच्या आठ महिने आधी वॉर्डातलं इंजेक्शन दिलेलं होतं.

कारण बहुतेक वेळा एकच: दिवस आणि महिना यांची अदलाबदल. कॉम्प्युटरची सेटिंग महिना-आधी अशी असेल तर ०३/०४ ही तीन एप्रिलची नोंद चार मार्च होऊन बसते, आणि १३ पासून पुढचे दिवस तारीख म्हणून घेतलेच जात नाहीत, मजकूर म्हणून पडून राहतात. ओळखायची खूण सोपी आहे: आपण काही फॉरमॅटिंग केलेलं नसेल तर एक्सेलमध्ये खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला टेकते, मजकूर डाव्या. एकाच कॉलममध्ये काही नोंदी डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की केसपेपर पुन्हा काढायची तयारी ठेवा. अंदाजाने उलटवू नका.

उरलेले उणे आकडे म्हणजे आधीपासूनच औषधावर असलेले रुग्ण. त्यांचं वेगळं दुखणं आहे, ते पुढे येतं.

तिसरी तपासणी: सुरुवातीचे मृत्यू गटवार मोजा

औषध सुरू होण्याचा मध्यक काढा, म्हणजे औषध मिळालेल्यांपैकी निम्म्यांना ज्या दिवसापर्यंत ते सुरू झालं तो दिवस. समजा तो सहावा दिवस आला. आता पहिल्या सहा दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत किती, हे मोजा. 'नाही' गटात अठरा आणि 'हो' गटात शून्य किंवा एक असं चित्र असेल, तर बिघाडाचं ठिकाणही कळलं आणि आकारही. कॅप्लान-मायर आलेखाखाली (सुरुवातीला सांगितलेला दोन रेषांचा आलेख तो हाच) 'ॲट रिस्क' चा, म्हणजे कुठल्या दिवशी किती जण मोजणीत उरले त्याचा तक्ता छापत नसाल तर आजपासून छापा. त्या आकड्यांवरून हे कुठल्याही वाचकाला पकडता येतं, आणि रिव्ह्यूअरने पकडण्यापेक्षा आपण पकडलेलं बरं.

इथे एक चकवा आहे, आणि त्यात चांगले चांगले सापडतात. चूक कळल्यावर माणूस म्हणतो, "ठीक आहे, औषधाच्या गटाची मोजणी औषध सुरू झालेल्या दिवसापासून करू." आणि दुसऱ्या गटाची दाखल झाल्यापासूनच ठेवतो. वरचं पाण्याचं उदाहरण असं करून पाहा: टक्केवारी तीच, २५ आणि ५०. फुकटचे २०० रुग्ण-दिवस काढून टाकले, पण ते २० मृत्यू अजून 'नाही' गटाच्याच माथी आहेत. दुसऱ्या गटाची मोजणी सगळ्यात धोक्याच्या दिवसांपासून सुरू होते, पहिल्या गटाची तो धोका टळल्यावर. हे दुरुस्त झाल्यासारखं दिसतं म्हणून जास्त वाईट.

चौथी तपासणी: पात्रतेच्या अटी मोठ्याने वाचा

'किमान तीन डोस पूर्ण केलेले रुग्ण.' 'सहा महिन्यांचा फॉलो-अप पूर्ण असलेले.' 'डिस्चार्जनंतर ओपीडीत आलेले.' यातली प्रत्येक अट भविष्यात डोकावते. मोजणी पहिल्या दिवसापासून आणि अट नव्वदाव्या दिवसाची, म्हणजे पहिले नव्वद दिवस तो माणूस अमर. अट वाचताना एकच विचारा: मोजणीच्या पहिल्या दिवशी, पुढचं काहीही माहीत नसताना, या रुग्णाला घ्यायचं की नाही हे सांगता आलं असतं का?

नियमित गोळ्या घेणाऱ्यांची न घेणाऱ्यांशी तुलना करायचा मोह सगळ्यांना होतो. हृदयविकाराच्या रुग्णांवर झालेल्या कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट या ट्रायलची १९८० साली प्रसिद्ध झालेली आकडेवारी त्यावर चांगला उतारा आहे. क्लोफायब्रेट हे औषध ८० टक्के किंवा जास्त नियमाने घेणाऱ्यांत पाच वर्षांतले मृत्यू १५.० टक्के, अनियमित घेणाऱ्यांत २४.६. औषध गुणकारी म्हणायचं? थांबा. प्लासिबो, म्हणजे औषधच नसलेली गोळी, नियमाने घेणाऱ्यांत १५.१ आणि अनियमित घेणाऱ्यांत २८.२. नियमाने गोळी घेणारा माणूसच वेगळा असतो, गोळीत काहीही असो. हा शुद्ध अमर काळ नाही, पण राहतो त्याच घरात: मोजणी सुरू झाल्यानंतर घडलेल्या गोष्टीवरून गट पाडले.

आधीपासून औषधावर असलेले रुग्ण इथेच येतात. जे औषध सुरू करून पहिल्या महिन्यात दगावले किंवा त्रास झाला म्हणून ज्यांनी सोडलं, ते आपल्याला दिसतच नाहीत. दिसतात ते टिकलेले. शक्य असेल तर फक्त नव्याने औषध सुरू केलेलेच घ्या. संख्या कमी होईल, गाईड नाखूश होतील. होऊ द्या.

पाचवी तपासणी: जिथे परिणाम असूच शकत नाही तिथे शोधा

औषधाचा ज्याच्याशी काडीचाही संबंध नाही असा एखादा परिणाम निवडा, किंवा असा काळ निवडा. फ्लूच्या लसीबाबत हे २००६ साली ज्येष्ठांच्या अभ्यासात केलं गेलं. लस घेतलेल्यांत मृत्यू कमी होते, ठीक. पण फ्लूचा हंगाम सुरू व्हायच्या आधी पाहिलं तर तेव्हाही कमी, आणि फरक तेव्हाच सगळ्यात मोठा. फ्लूच नसताना लस फ्लूपासून वाचवणार कशी? मुळात धडधाकट माणसंच लस घ्यायला जात होती. याचा अर्थ लस कुचकामी असा नाही. त्या आकड्यातला किती भाग लसीचा, किती माणसांचा, हे त्या पद्धतीने सांगता येत नाही, एवढाच.

ही तपासणी पाचवी, कारण तिला थोडा जास्त डेटा लागतो. पण हिचा फायदा हा की अमर काळ दुरुस्त केल्यावरही काही शिल्लक राहिलं असेल तर ते हीच सांगते.

सहावी: लँडमार्क लावून पाहा

आता दुरुस्तीकडे. एक दिवस ठरवा, समजा पाचवा. त्या दिवशी जिवंत आणि फॉलो-अपमध्ये असलेलेच रुग्ण घ्या. त्या क्षणापर्यंत औषध सुरू झालं होतं का, यावरून गट पाडा आणि मोजणी तिथून सुरू करा. नंतर कुणाला औषध सुरू झालं तरी तो 'नाही' गटातच राहील. हे मनाला पटत नाही, पण हलवायचं नाही. हलवलंत की चूक परत आली. पाण्याच्या उदाहरणात ८० रुग्ण उरतात, ४० पैकी १० आणि ४० पैकी १०. जादू संपली.

ही युक्ती अँडरसन, केन आणि गेल्बर यांनी १९८३ साली कॅन्सरच्या अभ्यासांसाठी मांडली. तिथे 'ट्यूमर आकसलेले रुग्ण जास्त जगतात' अशी तुलना सर्रास व्हायची. आकसायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ जगावं लागतं.

किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. आपल्या उदाहरणात ४० पैकी २० मृत्यू विश्लेषणातून बाहेर गेले. आणि निष्कर्ष फक्त पाच दिवस तग धरलेल्यांबद्दल राहिला, हे पेपरमध्ये स्पष्ट लिहावं लागतं. लँडमार्कचा दिवस वैद्यकीय कारणाने, निकाल पाहायच्या आधी ठरवा. तीन, पाच, सात असे लावून पाहिलेत आणि सातव्याला पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली म्हणून सातवा घेतलात, तर एक बिघाड काढून दुसरा बसवलात.

सातवी: रुग्णाच्या ओळी तोडा

मला स्वतःला ही दुरुस्ती जास्त आवडते, कारण हिच्यात कुणाला फेकून द्यावं लागत नाही. एका रुग्णाची एक ओळ असते, तिच्या दोन करायच्या. शीटमध्ये असं दिसेल:

रुग्ण १७, दिवस ० ते ५, औषध नाही, मृत्यू नाही.
रुग्ण १७, दिवस ५ ते २२, औषध आहे, मृत्यू झाला.

म्हणजे पहिले पाच दिवस हा माणूस औषध न घेणाऱ्यांच्या रांगेत उभा होता, मग त्याने रांग बदलली. जे दिवस ज्या खात्याचे ते त्याच खात्यात जमा. मृत्यूचा धोका काळाप्रमाणे मोजणाऱ्या कॉक्स मॉडेलला अशा ओळी चालतात, औषध हा काळानुसार बदलणारा घटक म्हणून द्यायचा. आर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या सर्व्हायव्हल पॅकेजमधलं टीमर्ज (tmerge) हे काम करतं, स्टाटा या सॉफ्टवेअरमध्ये एसटीस्प्लिट (stsplit). हाताने कॉपी-पेस्ट करून ओळी तोडू नका. मी एकदा केलं होतं, एका रुग्णाचा मृत्यू दोन्ही ओळींत राहिला आणि तो माणूस दोनदा दगावला.

औषध आणि मृत्यू एकाच दिवशी असतील तर शून्य लांबीची ओळ तयार होते आणि सॉफ्टवेअर ती एक तर नाकारतं, नाही तर गुपचूप गाळतं. ओळी तोडून झाल्यावर एकूण मृत्यू मोजा. आधीइतकेच भरायला हवेत.

सरावासाठी स्टॅनफर्डच्या हृदय प्रत्यारोपणाचा डेटा घ्या, तो आरच्या त्याच सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये मिळतो. १०३ रुग्ण, त्यातल्या ६९ जणांना हृदय मिळालं. सुरुवातीच्या अहवालांत प्रत्यारोपण झालेले जास्त जगताना दिसले. १९७२ साली मिचेल गेल यांनी दाखवून दिलं की हृदय मिळेपर्यंत वाट पाहायला आधी जिवंत राहावं लागतं, आणि वाट पाहता पाहता गेलेले सगळे दुसऱ्या गटात मोजले गेले होते. १९७७ मध्ये क्रॉली आणि हू यांनी काळानुसार बदलणारा घटक वापरून तो डेटा पुन्हा सोडवला. त्यात एक रुग्ण प्रत्यारोपणाच्याच दिवशी दगावलेला आहे, म्हणजे शून्य लांबीच्या ओळीचा अनुभवही फुकटात.

आणि ही चूक फक्त नवशिक्यांची असं वाटत असेल तर ऑस्करची गोष्ट आठवा. २००१ मध्ये एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात आलं की ऑस्कर जिंकलेले कलाकार न जिंकलेल्यांपेक्षा सरासरी ३.९ वर्षं जास्त जगतात. जिंकायच्या आधीची वर्षंही जिंकण्याच्या खात्यात धरली होती. २००६ मध्ये ती काढून पुन्हा हिशेब झाला तेव्हा फरक साधारण एका वर्षावर आला, तोही संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठाम म्हणता येणार नाही असा. सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजारात तोंडाने ओढायच्या स्टिरॉइड्सबाबतही सॅमी सुइसा यांनी २००३ साली हेच दाखवलं: जुन्या नोंदींवरून दिसलेला मृत्यूतला मोठा फायदा बराचसा अमर काळातून आला होता. पुढे २००७ मध्ये सहा हजारांवर रुग्णांच्या टॉर्च ट्रायलमध्ये नुसत्या स्टिरॉइडने मृत्यू कमी झाले नाहीत.

इथे थांबा, संख्याशास्त्रज्ञाकडे जा

सातव्या तपासणीपर्यंत एखादा चिकाटीचा रेसिडेंट स्वतः येऊ शकतो. पुढे नको. खालीलपैकी काही असेल तर लॅपटॉप मिटा.

रक्ताच्या रिपोर्टवरून औषध सुरू-बंद होतं आणि औषधामुळे तोच रिपोर्ट बदलतो. उदाहरणार्थ मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन. इथे क्रिएटिनिन ॲडजस्ट केलं तरी चूक, नाही केलं तरी चूक. साधं कॉक्स मॉडेल यातून बाहेर काढू शकत नाही. त्यासाठी मार्जिनल स्ट्रक्चरल मॉडेलसारख्या पद्धती लागतात आणि त्या बघून बघून शिकायच्या नाहीत.

प्रश्न 'पहिल्या पाच दिवसांत औषध सुरू करावं का' असा आहे. दुसऱ्या दिवशी औषधाविना दगावलेला रुग्ण दोन्ही धोरणांत बसतो. त्याला कुठल्याही एका गटात टाकणं म्हणजे आपली जुनी चूकच. यावर उपाय आहे: प्रत्येक रुग्णाच्या दोन प्रती करायच्या, जी प्रत आपल्या धोरणापासून ढळेल तिला सेन्सॉर करायचं (त्या दिवसापासून मोजणीतून बाहेर काढायचं) आणि त्याची भरपाई वजनं देऊन करायची. ऐकायला सोपं वाटतं. ती वजनं चुकली की निकाल कुठेही जाऊ शकतो.

डिस्चार्ज झालेल्यांना तुम्ही सरळ सेन्सॉर केलं आहे. बरा होऊन घरी गेलेला आणि वॉर्डात खाटेवर असलेला यांचा मृत्यूचा धोका सारखा नसतो, आणि मॉडेल तो सारखा धरून चालतं.

औषध सुरू झाल्याची तारीखच नोंदलेली नाही, फक्त 'दिलं' अशी खूण आहे. इथे संख्याशास्त्रज्ञही काही करू शकत नाही. केसपेपर उघडून औषधांचे तक्ते चाळा, नाही तर प्रश्न बदला.

सगळं दुरुस्त केलं, तरीही हॅझार्ड रेशो ०.५. मग कारण दुसरं असू शकतं: वाचतील असं वाटलं त्यांनाच डॉक्टरांनी औषध दिलं असेल. हे कॉलममध्ये नोंदलेलं नसतं आणि घड्याळ नीट लावून जात नाही.

आणि शेवटचं, दुरुस्ती केल्यावर फायदा नाहीसा झाला म्हणून तुम्ही चौथी पद्धत शोधताय. तेव्हाही थांबा. आलेला निकाल लिहा.

जाताना काय न्यायचं: मूळ तारखा, आधीच वजाबाकी करून काढलेले दिवस नकोत. ती दहा रेघांची पेन्सिल-आकृती. आणि अर्ध्या पानात एवढंच, की पैसा आणि परवानगी असती तर याच प्रश्नासाठी कुठली ट्रायल केली असती: कोण पात्र, कुठल्या दिवशी चिठ्ठी उचलली असती, कुणाला काय दिलं असतं, मोजणी कधीपासून. मिगेल हर्नान आणि जेम्स रॉबिन्स यांनी २०१६ मध्ये 'टारगेट ट्रायल' म्हणून ही चौकट नीट मांडली. हे अर्धं पान लिहितानाच निम्म्या लोकांना आपली चूक सापडते, आणि ते येतच नाहीत. डेटा गोळा करायच्या आधी लिहिलंत तर केसपेपरमधून कुठल्या तारखा उतरवायच्या हेही तेव्हाच कळतं: दाखल, पात्र ठरल्याची, औषधाचा पहिला डोस, शेवटचा डोस, डिस्चार्ज, मृत्यू, आणि रुग्ण शेवटचा जिवंत असल्याची नोंद कुठल्या दिवसाची ती. ही शेवटची तारीख जवळजवळ प्रत्येक शीटमध्ये राहून गेलेली असते.